मेट्रनबाईंनी न वाचलेलं वाक्य

हॉस्पिटलमधली चादरी ठेवायची खोली रिकामी झाली, तेव्हा तिथे सर्वांसाठी प्रार्थनेची खोली करावी, ही कल्पना मेट्रनबाईंची. ऑपरेशन चालू असताना जिन्यात बसून डोळे पुसणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. रंग, खुर्च्या, पडदे, सगळं त्यांनी जातीनं बघितलं. कोपऱ्यात पाय धुवायला नळ हवा, म्हणून प्लंबरच्या तर त्या हात धुऊन मागे लागल्या.

"तुमच्या चर्चमध्ये कुठे पाय धुतात?" प्लंबर वैतागून म्हणाला.

"आमच्यात नाही धुत. ज्यांच्यात धुतात, त्यांच्यासाठी."

उद्घाटनाआधीच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी कौतुकानं पितळी पाटी काढली. 'सर्व धर्म एकच सांगतात,' असं तिच्यावर कोरलं होतं.

"उद्घाटनाला हे तुम्हीच वाचायचं, बाई. खोली तुमचीच आहे."

"साहेब, खोली रोज झाडायला सांगा, झाडीन. पण हे वाक्य माझ्या तोंडून येणार नाही."

"का?"

"मला ते खरं वाटत नाही. माणसाचं तारण फक्त येशू ख्रिस्तामुळे होतं, असं मी मानते. हे वाचलं तर ते खोटं बोलणं होईल."

साहेबांचा चेहरा पडला. "अहो, इथे आपण सगळ्यांना सांभाळून घेतो!"

"मीही घेतेच की. पण त्यासाठी सगळ्यांचं एकच असावं लागतं, असं थोडंच आहे?"

"मलाही नाही पटत ते वाक्य," भूल देणारे डॉक्टर मध्येच म्हणाले. पक्का नास्तिक माणूस. "माझ्या मते सगळेच चुकलेत."

सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. वाचायला त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं.

संध्याकाळी कँटीनमध्ये डॉक्टर चहा घेऊन बाईंसमोर बसले. येत्या सोमवारी त्यांच्याच हृदयाचं ऑपरेशन होतं. जन्मभर दुसऱ्यांना भूल दिली, आता स्वतः घ्यायची होती.

"खरं सांगा बाई. तुमच्या म्हणण्याप्रमाणे माझं काय होणार?"

बाईंनी कप खाली ठेवला. "निवाडा करणारी मी कोण? पण मला येशूची जेवढी गरज आहे, तेवढीच तुम्हालाही आहे, असं मी मानते. तुम्ही भले माणूस आहात, हे माहीत असूनही."

"इतक्या वर्षांत हे कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. प्रार्थना मात्र रोज करते तुमच्यासाठी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं, तर नको म्हणाला असतात."

डॉक्टर इतके हसले, की चहा बशीत सांडला.

सोमवारी बाई डॉक्टरांच्या बायकोजवळ त्या नव्या खोलीत बसल्या. वहिनींनी आपल्या पद्धतीनं हात जोडले. बाईंनी येशूच्या नावानं प्रार्थना केली, आणि मोठ्यानं केली. दोघींनी एकमेकींचा हात मात्र सोडला नाही. दुपारी सर्जन बाहेर आले. सगळं नीट पार पडलं होतं.

चार दिवसांनी बाई वॉर्डात गेल्या, तर डॉक्टर उशीला टेकून बसलेले.

"आधीच सांगतो, मी अजून नास्तिकच आहे."

"आणि मी अजून ख्रिस्तीच."

"छान. रजा आहे, वेळही भरपूर आहे. सांगा तुमच्या येशूचं काय ते. पण मी वाद घालणार हं."

"घाला ना," म्हणत मेट्रनबाईंनी खुर्ची ओढली.