अब्बांचं सत्तरावं वर्ष

रियाधमधलं आमचं मलाज भागातलं घर आठवलं की मला आधी दारामागचं कॅलेंडर आठवतं. एका पानावर दोन तारखा, इंग्रजी आणि हिजरी. दोन्हीत मी लाल पेनाने खुणा करायची: लेकीच्या, अरवाच्या, लसी, शाळेची फी, सगळ्यांचे इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, कधी संपतात ते. सर्वात मोठी खूण माझ्या नवऱ्याच्या, शारीकच्या, कंपनीच्या विम्याची. आईवडलांना त्यात घालायचं तर वर्षातून एकदाच दार उघडायचं, पॉलिसीच्या पहिल्या महिन्यात. तो महिना हुकला की वर्षभर बाहेर. मी कधी हुकवला नाही. शारीक हसायचा, "निदा, तुला एचआरमध्येच घेतलं पाहिजे होतं."

अब्बा म्हणजे माझे सासरे, इसहाक. दाभोळचे. जेद्दाच्या बंदरावर उभी हयात काढली आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे रियाधला आले. जेद्दाचा माणूस रियाधला रुळत नाही. "इथे समुद्र कुठाय? नुसती वाळू आणि ऑफिसं," म्हणायचे. पण मेट्रो सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात अरवाला घेऊन ओलायापर्यंत जाऊन आले आणि घरी येऊन नातीला म्हणाले, "बघ, दादाने तुला बोगद्यातून नेलं. तुझ्या बापाला नेलं होतं का कोणी?"

त्याच हिवाळ्यात त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासणीत हृदयाची झडप अरुंद झालेली निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, फार लांबवू नका. तुमच्या विम्यात बसतंय, हवं तर पुढच्याच महिन्यात घेऊ.

आणि त्याच आठवड्यात शारीकला कळलं, की त्याची जागा सौदी उमेदवाराला जाणार. ही बातमी कधीतरी येणार हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो. हिशेबाची कामं एकेक करून स्थानिकांकडे जात होती. शारीकने तक्रार केली नाही. त्याच्या जागी येणाऱ्या मुलाला तो रोज काम शिकवत होता आणि "पोरगा हुशार आहे" असंही सांगत होता. शेवटची तारीख रमजानच्या तोंडावर होती. नोकरीबरोबर विमा आणि इकामाही संपणार.

अब्बांनी तेव्हाच ठरवून टाकलं. "ऑपरेशन घरी. रत्नागिरी नाहीतर मुंबईला. मरायचं तर मदिनेत मरेन, नाहीतर दाभोळात. रियाधमध्ये कोण मरतं?"

"अब्बा, मरायचं काय काढलंत?"

"मी कुठे काढलं गो? डॉक्टरने काढलं."

मलाही ते पटलं, कारण नेमकं तेव्हाच भारतात सत्तरच्या पुढच्या सगळ्यांसाठी सरकारी कार्ड सुरू झालं होतं. उत्पन्नाची अट नाही, दवाखान्याचा खर्च सरकारकडे. मी सगळं वाचलं होतं. जुना आजार असला तरी चालतो, आणि नोंदणीला मुदत नाही, केव्हाही करा. आमच्या कंपनीचं दार महिनाभरच उघडं, आणि हे दार कायम उघडं! अब्बा एक्काहत्तरचे. ते लढाईची, पुराची, गावातल्या लग्नांची सालं जोडून वय सांगायचे आणि ते कधी चुकायचे नाहीत. मीच हॉस्पिटलला फोन करून पुढच्या महिन्यातली तारीख सोडली आणि कळवलं की आम्ही ऑपरेशन भारतात करतोय.

मुदत नाही म्हणून घाई नाही. अर्ज करायला मी तीन आठवडे घेतले.

एका शुक्रवारी, जुम्म्याहून सगळे परत आल्यावर, बिर्याणी दमावर ठेवून मी मोबाईल घेऊन बसले. अब्बांचं भारतातलं सिम आम्ही रिचार्ज मारून जिवंत ठेवलं होतं. ओटीपी आला. अब्बा चष्मा वर करून एकेक आकडा ओरडून सांगत होते, जसा बंदरावर कंटेनरचा नंबर. मी भरला. स्क्रीनवर आलं: पात्र नाही.

"परत टाक," शारीक म्हणाला.

परत टाकलं. परत तेच. मग मी खालचं वाचलं. वय, आधारप्रमाणे, सहासष्ट.

मला माहीत होतं. हीच तर गंमत. इकाम्यावरची १९५८ ही तारीख मी दरवर्षी विम्याच्या अर्जात स्वतः भरत होते. घरात अब्बांची दोन वयं राहायची, एक तोंडी आणि एक पासपोर्टावरचं, आणि ती माझ्या डोक्यात कधी समोरासमोर आलीच नव्हती. आमच्याकडे कोणाची येतात? माझ्या वडलांचीही दोन होती.

"अब्बा, तुमचा जन्म त्रेपन्नचा ना?"

"त्रेपन्नचाच."

"मग पासपोर्टात अठ्ठावन्न कसं?"

अब्बा थोडे ओशाळले, मग हसले. "भेंडी बाजारातला एजंट. कंपनीला वीसच्या आतली पोरं पाहिजे होती. मी चोवीसचा. तो म्हणाला, मियाँ, पाच वर्षं कमी करू? मी म्हटलं, कर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, तेवढं जास्त जगशील." मग ते शारीककडे बघून म्हणाले, "आणि वाईट काय झालं? बंदरात साठीला घरी पाठवतात. मी साठचा झालो तेव्हा कागदावर पंचावन्न. ती पाच वर्षं काम केलं, तेव्हा हा कॉलेजात होता."

शारीकने मोबाईल माझ्या हातातून घेतला. म्हणाला, "आधारवरची तारीख बदलून घेऊ."

"कशावरून बदलणार?" मी विचारलं. "जन्माची नोंद आहे?"

"नोंद कसली?" अब्बा म्हणाले. "सुईण होती. ती गेली."

"आणि पासपोर्ट, इकामा, बोटांचे ठसे सगळे अठ्ठावन्नला जोडलेत," मी म्हटलं. "आता कायमचा देश सोडताना, एक्झिटच्या वेळी, एकच कागद बदलायचा?"

"नको," अब्बा म्हणाले. "सगळीकडे मी एकच माणूस आहे. माझे दोन करू नका."

बिर्याणी खाली लागली होती. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

भारतातल्या खाजगी विम्यांना मी त्याच दिवशी विचारलं. झडपेचं ऐकल्यावर कुणी थांबायला सांगत होतं, कुणी सरळ नाही म्हणत होतं. आणि अब्बांना थांबायला वेळ नव्हता. आमच्याकडे फक्त रियाधचा विमा उरला होता, तोही रमजानपर्यंत. आणि मी त्यांची तारीख सोडून दिली होती.

रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, सकाळी मी अरवाला शाळेत सोडून थेट हॉस्पिटलला गेले. काउंटरवरच्या मल्याळी बाईने स्क्रीन बघून मान हलवली. "यादी भरली आहे, मॅडम. रमजाननंतर." मी तिथून हलले नाही. रमजाननंतर आम्ही इथे नसू, हे मी तिला हिंदीत, मग इंग्रजीत सांगितलं, मग नुसती उभी राहिले. शेवटी ती म्हणाली, "कोई कैंसल करेगा तो फोन करूँगी. फोन उठाना."

त्यानंतर मी अंघोळीलाही फोन बाहेर कडप्प्यावर ठेवून जायची. फोन आला तेव्हा नेमकी भाजीवाल्याकडे होते. कोथिंबीर तशीच काउंटरवर राहिली.

अब्बांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते गॅलरीत अरवाचं रंगकाम बघत बसले होते.

"अब्बा, तारीख मिळाली. इथलीच."

त्यांनी बराच वेळ मोसंबी रंगाच्या उंटाकडे पाहिलं. "दाभोळला नाही?"

"नाही."

"बाय, तू घाबरलीस का?"

"हो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "कुणीतरी घाबरलं पाहिजे. मी आणि शारीक दोघेही बिनकामाचे आहोत त्यात."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणारी डॉक्टर आली. सौदी, जेमतेम माझ्याच वयाची, नकाबावर चष्मा. फाईल बघून तिने इंग्रजीत विचारलं, "वय सहासष्ट?"

मी शारीककडे पाहिलं. कागदाविरुद्ध बोललो आणि विमा अडला तर? गप्प राहिलो आणि भुलीचं प्रमाण चुकलं तर? मी तोंड उघडलं, पण अब्बाच आधी बोलले, बंदरावरच्या अरबीत. आपलं वय एक्काहत्तर आहे, कागद खोटा आहे.

डॉक्टरचे डोळे हसले. "माझ्या आजोबांच्या कागदावर जन्मतारीख एक रजब आहे," ती म्हणाली. "त्यांच्या भावाच्याही, शेजाऱ्याच्याही. त्या पिढीत कुणाला तारीख माहीत नसेल तर तीच लिहायचे. सगळं गाव एकाच दिवशी जन्मलं." मग तिने विचारलं, "खरंच एक्काहत्तर?"

"वल्लाह," अब्बांनी शपथ घेतली.

तिने पेनाने मार्जिनमध्ये काहीतरी लिहिलं. "हे माझ्यासाठी. विम्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जन बाहेर आला आणि त्याने अंगठा वर केला. शारीक तिथेच खुर्चीत वाकून रडला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्याने नव्या पोराला चाव्या दिल्या. डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली आणि रमजानचा पहिला रोजा आम्ही दाभोळात सोडला.

आता इथे खाडी आहे, आणि अब्बांना रियाधची आठवण येते. म्हणतात, मेट्रो फार चांगली होती. कार्डासाठी अजून काही वर्षं आहेत. त्यांना ते पाठ आहे, तरी अधूनमधून विचारतात:

"बाय, सरकारच्या हिशेबाने मी म्हातारा झालो का?"

"अजून नाही, अब्बा."

"मग जरा जेटीपर्यंत जाऊन येतो," म्हणतात, आणि मी दारात उभी राहून, ते वळणाआड जाईपर्यंत, त्यांचं चालणं बघत राहते.