आटलेली तिजोरी

मी एक जुनी तिजोरी आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगातले पाणी आटले आहे. हसू नका. आमच्या जाड भिंतींत काँक्रीट असते आणि त्यात ओलावा कोंडलेला असतो. आग लागली की त्याची वाफ होते आणि आतले कागद वाचतात. वीसेक वर्षांत तो ओलावा उडून जातो. मला तीस होऊन गेली. बाहेरून मात्र मी अजून धडधाकट दिसते.

जपानमधल्या एका मासेमारी बंदरावर, छोट्या पतपेढीत माझी उमेदीची वर्षे गेली. पेढीचे कुराहाशीसान स्कूटरवरून दारोदार फिरून लोकांची महिन्याची ठेव गोळा करत. ती माझ्यात येई आणि लवकरच कर्ज होऊन बाहेर पडे, कुणाच्या होडीसाठी, कुणाच्या माशांच्या वड्यांच्या कारखान्यासाठी. पेढीची तिजोरी म्हणजे भरवशाची, असे लोक म्हणत. मला ते फार आवडे.

मग देशाच्या मध्यवर्ती बँकेने व्याज शून्याखाली नेले. बँकांनी तिच्याकडे जास्तीचा पैसा नुसता ठेवला, तर उलट त्यांनाच भुर्दंड. पैसा पडून राहू देऊ नका, कर्जाऊ द्या, असा त्यामागचा हेतू. पण आमच्या बंदरात नवे कर्ज मागणारे उरले होते कुठे? वड्यांचा कारखानदार होता, त्यालाही शहरातल्या मोठ्या बँकेने कमी व्याज देऊ करून पळवले. कर्जाचे व्याज घसरतच गेले. ठेवीचे आधीच नावापुरते होते, आणि ठेवीदारांकडून उलटे पैसे मागायची पेढीची छाती होईना. या दोन व्याजांमधल्या फरकावरच पेढीचे पोट होते. शेवटी शाखेला कुलूप लागायची वेळ आली.

तेव्हा तोयोनोआजी आल्या. नवऱ्याची होडी विकून आलेले पैसे त्यांनी वृद्धाश्रमासाठी राखले होते. त्यांच्याकडे तेवढेच होते.

"दहा लाखांवर वर्षाला दहा येन देता," आजी म्हणाल्या, "आणि मशीनमधून काढायला शंभर घेता. त्यापेक्षा माझं कपाट परवडलं. ही तिजोरी विकतोस का?"

"आजी, ती जुनी झालीय. नवी घ्या एखादी."

"पेढीची आहे ना? मग झालं. इतकी वर्षं तुझ्या हातात पैसे दिले, तेव्हा विचारलं का तुझं वय?"

कुराहाशीसान कसनुसे हसले आणि ओलाव्याचे काही न सांगता त्यांनी पावती फाडली. तिथेच घात झाला.

आता मी आजींच्या कपाटात आहे. पैसा आत आला तो बाहेर जातच नाही. गल्लीतल्या बऱ्याच घरांत असेच चालले आहे. कपाटे भरली आहेत आणि बंदर ओस पडले आहे. थंडीत आजी कपाट उघडे ठेवून माझ्या शेजारी उबेसाठी रॉकेलचा स्टोव्ह लावतात, वर दोरीवर कपडे वाळत घालतात. "तू आहेस म्हणून निवांत झोप लागते गं," असे म्हणून मला थोपटतात. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, माझ्या दाराच्या आतल्या बाजूला पत्र्याची पट्टी आहे. तिच्यावर माझ्या जन्माचे साल आहे. आजींकडे कुणी गेलात, तर तेवढे त्यांना वाचून दाखवा. पण जरा लवकर जा. दुपारचे जेवून आजींचा आत्ताच डोळा लागला आहे, आणि दोरीवरचा एक मोजा हळूहळू स्टोव्हच्या बाजूला घसरतो आहे.