पाय न बुडवलेला टब

चीनच्या ज्यांगशी प्रांतातल्या, दक्षिणेकडच्या त्या खेड्यात, भात वाळवायच्या अंगणात सकाळपासून मुंगीला शिरायला वाव नव्हता. मधोमध प्लास्टिकचे सहा टब मांडलेले. प्रत्येकात कोमट पाणी, पाण्यात विजेच्या तारेला जोडलेलं एक नळकांडं, आणि कुणाचे तरी पाय. वीस मिनिटांत पाणी आधी पिवळं, मग विटकरी, मग काकवीसारखं काळपट होई.

"बघा आजी, टेकडीतला धातू निघाला," गावोगाव हे टब लावत फिरणारे मो गुरुजी नाकाला रुमाल लावून म्हणत. "वर्षानुवर्षं न बोलावता मुक्काम ठोकून होता. आता टाचेतून बिऱ्हाड हलवतोय."

लोक हसत. मग गुरुजी स्वतःचे पाय बुडवत. त्यांचं पाणी मात्र नितळच राही.

"आमच्यात काढायला काही उरलंच नाही," ते नम्रपणे सांगत.

गावचा छोटा दवाखाना चालवणारी लाय रुईलान कडेला उभी राहून हे पाहत होती. तिसऱ्या टबात पाय सोडून बसला होता तो तिचाच नवरा, दशंग.

गावामागची टेकडी पंधरा वर्षं रसायन ओतून धुतली गेली होती. त्या मातीत चुंबकांना लागणारे दुर्मिळ धातू होते. खाण बंद झाली, पण उरलंसुरलं ओढ्यात आणि विहिरीत उतरत राहिलं. दशंगनं तिथल्या हौदांवर अकरा वर्षं काम केलेलं. त्याचे तळहात-तळपाय भेगाळत, खाज सुटली की तो रक्त येईपर्यंत खाजवी. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "यांच्या अंगाला त्या धातूंचं वावडं आहे. आत गेलेलं ओढून काढायला माझ्याकडे औषध नाही. नवं आत जाऊ देऊ नका, एवढंच आपल्या हातात."

तेव्हापासून रुईलान खिंडीपलीकडच्या झऱ्यावरून कावडीनं पाणी आणत होती. पण टबात बसायला लागल्यापासून दशंग पुन्हा विहिरीचं पाणी पिऊ लागला.

"जे जातंय ते निघतंय," तो म्हणाला. "तू कशाला खांदे मोडून घेतेस?"

शेजारची वेनश्या सातव्या महिन्यात होती. तीही झऱ्यावर यायची थांबली. रुईलानला त्याची धास्ती वाटली.

तिनं नीट पाहिलं तेव्हा तिला गुरुजींची मूठ दिसली. आजाऱ्याच्या टबात 'औषधी मिठा'च्या दोन मुठी पडत. स्वतःच्या टबात ते नुसतीच मूठ फिरवत. दशंगनं तसलं एक यंत्र घरीही आणलं होतं. तो शेतात गेल्यावर तिनं टब भरला, स्वयंपाकाचं मीठ दोन मुठी टाकलं आणि पाय न बुडवता यंत्र चालू केलं. पाणी काळपट झालं. मग मिठाविना नितळ पाण्यात चालवून पाहिलं. तेवढाच वेळ गेला, पण पाणी बदललं नाही. नळकांड्यातल्या लोखंडी कड्या तिनं उजेडात धरल्या. त्या कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात रिकामा टब मांडला, झऱ्याचं पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि घरचं यंत्र त्यात सोडून चालू केलं.

"पाय कुणाचे?" टबात बसायला आलेल्या लियाओ आजींनी विचारलं.

"कुणाचेच नाहीत."

पाणी पिवळं झालं, मग विटकरी.

"हवेतलं विष उतरलं," मो गुरुजी म्हणाले. "अख्खं गावच बाधित आहे."

"मग तुमच्या टबात का उतरत नाही? या, बसा. फक्त मीठ मी टाकते."

गुरुजींना अचानक पुढच्या गावची वेळ आठवली.

रुईलाननं कड्या हातोहात फिरवल्या. "मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झिजतं. हा त्याचाच गंज. तुमच्या पायांतून यात काहीही आलेलं नाही."

तिला वाटलं होतं, लोक चिडतील गुरुजींवर. लियाओ आजी मोजे चढवत तिलाच म्हणाल्या, "बरं बाई, हे खोटं. मग खरं काय? अंगातलं निघायचं कसं?"

"जे करता येतं ते सांगते. विहिरीचं पाणी पिऊ नका, त्यात भात शिजवू नका. ओढ्याकाठची पालेभाजी नको. टेकडीवरून आलात की कपडे दाराबाहेर काढा, हात धुऊन जेवा. घर झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा."

"आणि आत आहे ते?"

"ते मला ठाऊक नाही, आजी."

अंगण रिकामं झालं. दोन दिवसांनी कळलं, गुरुजींचे टब शेजारच्या खोऱ्यात लागलेत आणि इथलीच माणसं मोटारसायकलवरून तिकडे जातायत. झऱ्यावर आली एकटी वेनश्या, पोटाला हात लावून, सावकाश चढत.

दशंग गेला नाही. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या तळहातांना मलम लावत असताना म्हणाला, "टबात बसलो की झोप तरी लागायची. 'ठाऊक नाही' असं चारचौघांत कशाला सांगितलंस?"

"ठाऊक असतं तर तेच सांगितलं असतं."

त्यानं हात काढून घेतला नाही.

वाचकहो, रुईलानजवळ औषध नव्हतं, आजही नाही. पण उपाय नसेल तर खरा माणूस तसं कबूल करतो, आणि ज्याच्याजवळ सगळ्यावर उपाय आहे त्याची मूठ आधी उघडून पाहावी. गंज पाहून ज्याला बरं वाटलं, तो घरी जाऊन विहिरीचंच पाणी प्यायला होता.