आठ सोडला

माझ्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी शोधून काढण्यापेक्षा मीच बोललेलं बरं.

पाठीचा मणका गेला आणि लाकडाची गाडी चालवणं सुटलं, तेव्हा टॅमरॅकच्या डोंगराच्या पायथ्याशी, रस्ता सुरू होतो तिथेच, मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आयडाहोतल्या या कोपऱ्यात प्रत्येक गाडीत सीबी, म्हणजे गाडीतून गाडीशी बोलायचा रेडिओ असतो, त्यामुळे काम भरपूर. व्हर्ल हॅस्केटकडे रेडिओ नेला की तो बोलायला लागतो, अशी माझी ख्याती होती.

डोंगरावरचा रस्ता बावीस मैलांचा आणि एकाच गाडीपुरता. वरून ओंडक्यांनी भरलेल्या गाड्या उतरतात, खालून रिकाम्या चढतात. भरलेली गाडी उतारावर सहजासहजी थांबत नाही, म्हणून बाजूला व्हायचं ते रिकामीने. प्रत्येक मैलाला झाडावर आकड्याची पाटी ठोकलेली आहे. पाटी आली की माइक दाबून सांगायचं: "भरलेली, चौदा." "रिकामी, चार." बस, एवढंच. तिथे गप्पा मारणाऱ्याला आम्ही शिव्या घालतो.

आठ आणि अकराच्या मध्ये एका बाजूला कडा, दुसरीकडे खाली नदी. गाडी बाजूला घ्यायला तीन मैल वीतभर जागा नाही. म्हणून आठला डोंगरात एक खाच खणली आहे आणि अकराला एक. रिकामी गाडी आठला आली की थांबून ऐकते. कुणी भरलेला जवळ ऐकू आला तर तिथेच उभी राहते. कुणीच नसेल तर ड्रायव्हर म्हणतो, "आठ सोडला, वर चाललो." मग वर जो कुणी असेल त्याने ब्रेकवर उभं राहून अकराच्या खाचेत शिरायचं, मग लाकडं सांडोत नाहीतर काही होवो. रेडिओ आल्यापासून या दोन शब्दांवर आम्ही सगळे जिवंत घरी येत होतो.

माझा जावई वेंडेल स्ट्राउड त्याच रस्त्यावर गाडी चालवायचा. पोरगा सरळ. माझ्या नॉरीनला आठवा महिना लागला होता. याआधी दोनदा पोटातच गेलं होतं, त्यामुळे तो पहाटे घराबाहेर पडायचा तेव्हा त्याचा पाय निघत नसे.

"व्हर्ल, वरून एक शब्द घरी पोहोचला तरी पुरे," तो म्हणाला. "ती ऐकेल तरी की मी आहे."

साधा रेडिओ चार वॉटचा. डोंगराच्या पलीकडून तो घरी काय पोहोचणार? कायद्याने तेवढीच ताकद ठेवायची असते, आणि तिला कारण आहे हे मला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. तरी मी तो रेडिओ उघडला. आवाजाला लगाम घालणारा भाग काढून टाकला, सगळं होतं तेवढं ताणलं आणि सीटखाली ताकद वाढवणारा एक बूस्टर बसवला. अर्ध्या दिवसाचं काम. मला मजा आली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी साडेनवाला दुकानातल्या रेडिओवर वेंडेलचा आवाज असा आला की नॉरीन खुर्चीतून उठलीच. "भरलेली, अठरा. नॉरीन, न्याहारी केलीस का?" ती हसली आणि मग रडली. इकडून उत्तर मात्र जात नसे, कारण माझा रेडिओ चार वॉटचाच होता. तो बोलायचा, ती ऐकायची. रोज साडेनवाला ती पोट सांभाळत येऊन बसू लागली.

आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. शेजारच्या म्हातारीच्या टीव्हीत बातम्या देणाऱ्या माणसाच्या तोंडून वेंडेल बोलायला लागला. चर्चमध्ये भर प्रार्थनेत कर्ण्यातून "भरलेली, सोळा" असं आलं, तेव्हा पास्टर म्हणाले की देवाचा निरोप असेल तर जरा सविस्तर द्यावा. गाव हसलं. मीही हसलो.

ऑझी टँगेन हसला नाही. ऑझी माझ्याबरोबर वीस वर्षं त्याच रस्त्यावर होता. गुरुवारी कॅफेत माझ्यासमोर येऊन बसला, कॉफीला हातही लावला नाही.

"व्हर्ल, त्याचा आवाज उतरव."

"का? तुझे कान दुखतात?"

"तो माइक दाबतो तेव्हा दुसऱ्या कुणाचा शब्द ऐकू येत नाही. सगळा डोंगर त्याच्याखाली दबतो. माणूस किती लांब आहे ते आपण आवाजावरून ओळखायचो. हा तर बावीसला असला तरी माझ्या मांडीवर बसल्यासारखा. लोक त्याचा आवाज आला की बटण फिरवून बारीक करायला लागलेत. हे चांगलं लक्षण नाही."

"लोकांना नीट ऐकता येत नसेल तर रेडिओ माझ्याकडे आणा म्हणावं."

"तुझ्याकडे आणायला तुझं डोकं ठिकाणावर हवं," ऑझी म्हणाला. चार माणसांत म्हणाला. मी त्याला जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. कॉफी तशीच टाकून तो निघून गेला.

घरी येऊन शांतपणे विचार केला असता तर त्याच रात्री बूस्टर काढला असता. पण ऑझी म्हणाला म्हणून काढायचा? हे मला जड गेलं.

त्याच संध्याकाळी वेंडेल म्हणाला, "रेडिओ फार तापतोय. करपल्यासारखा वास येतो." वास कशाचा ते मला कळलं होतं. त्या बूस्टरचा भार रेडिओला झेपत नव्हता, बाहेर बोलायचा भाग जळत आला होता. तो गेला तरी ऐकायचा भाग चालू राहतो आणि दिवाही लागतो. माणूस बोलत राहतो आणि कुणाला काही ऐकू जात नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "शनिवारी आण, बघतो."

शुक्रवारी सव्वानवाला ऑझी दुकानावरून वर गेला. रेडिओवर त्याचा आवाज आला, "रिकामी, शून्य. आज डोंगर शांत आहे रे देवा. बाप व्हायला गेला वाटतं तो. व्हर्ल, आहेस का?"

एक बटण दाबून "अरे, तो वर आहे" म्हटलं असतं तर ही गोष्टच नव्हती. मी त्याच्याशी बोलत नव्हतो. हात लांब करून आवाज बारीक केला आणि टोस्टर उघडून बसलो.

पावणेदहाला नॉरीन आली. पायऱ्या चढून दमली होती. "डॅड, आज मला उशीर झाला. वेंडेल बोलला का?"

मी रेडिओकडे पाहिलं. आवाज मोठा केला. नुसती खरखर. रोज साडेनऊला अठरा, म्हणजे आता तो तेरा-बाराच्या आसपास, आणि ऑझी सहाच्या पुढे कड्याआड.

माइक घेतला. "ऑझी, आठला थांब. वेंडेल वर आहे. ऑझी." उत्तर नाही. चार वॉट कड्यापलीकडे जात नाहीत.

"काय झालं?" नॉरीनने विचारलं. मी सांगितलं. तिने टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा बूस्टर पडला होता, वेंडेलच्या दुप्पट मोठा. "तो लाव," ती म्हणाली.

मी तो लावला. माझ्या हाताला गुण आहे, दीड मिनिटात लावला. माइक दाबला आणि ओरडत सुटलो. नॉरीन माझा खांदा धरून म्हणत होती, "अजून जोरात, डॅड, अजून जोरात." मी माइक सोडलाच नाही. किती वेळ कोण जाणे. छतावरचा दिवा माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर मंद होत होता.

वेंडेलला दुपारी नदीतून काढलं.

ऑझी तीन आठवड्यांनी आला, हात प्लास्टरमध्ये. टोपी काढून उभा राहिला. बसला नाही.

"मी आठला थांबलो होतो," तो म्हणाला. "कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. माइक उचलला आणि तेवढ्यात तू आलास. तुझा आवाज ओळखला मी. शब्द एक कळला नाही, नुसती गर्जना. वाटलं, कालचं भांडण उकरून काढतोय म्हातारा. आवाज बारीक केला, आठ सोडला म्हणून सांगितलं आणि निघालो."

"पुढे?"

"साडेनऊ मैलांवरच्या वळणात तो समोर आला. मला बघितलं त्याने. मी कड्यावर आदळलो, त्याने गाडी नदीकडे घातली, माझ्यावर नाही." ऑझीने टोपी परत डोक्यावर ठेवली. "अकराच्या खाचेजवळ ब्रेकची खूण नाही, व्हर्ल. मी जाऊन पाहिलं. आठ सोडल्याचं त्याने ऐकलंच नाही. त्या वेळी तूच बोलत होतास."

तो म्हणाला, "नॉरीनला सांगायचं की नाही ते तू बघ," आणि गेला.

गाडीतून काढलेला रेडिओ पोलिसांनी मलाच आणून दिला होता. मी उघडला. बोलायचा भाग जळून काळा. ऐकायचा भाग ठणठणीत. आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. तो ऐकत होता. आठकडेच कान होता त्याचा.

नॉरीनला मुलगी झाली. काल दुपारी बाळाला मांडीवर घेऊन ती त्याच खुर्चीत बसली होती. दुकान आता बंदच असतं. टेबलही रिकामं.

"डॅड, खरं सांग. त्या दिवशी आपण ओरडलो ते त्याला ऐकू गेलं असेल का?"

"गेलं," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. त्याला आपलंच ऐकू येत होतं."

तिने डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला. म्हणाली, बरं झालं, निदान तेवढं तरी झालं.