पूर्वभाऊजींचं आडनाव

छेन बाओलिनला कालव्यावर त्याच्या आडनावाने कुणी हाक मारत नसे. 'छेन' या उच्चाराचा दुसरा अर्थ बुडणे. ज्यांचं सगळं घरदार पाण्यावर, ते नाववाले असला शब्द जिभेवर कशाला येऊ देतील? हे आडनाव लिहिताना डावीकडे कान आणि उजवीकडे पूर्व दिशा काढावी लागते, म्हणून त्यांनी त्याला 'कान-पूर्व' केलं होतं. पुढे कानही गळाला आणि नुसतं पूर्व उरलं. बाओलिनची त्याला कधी हरकत नव्हती. दोन दरवाजांमधल्या हौदात नाव घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, झडपा उघडून पाणी खालच्या कालव्याच्या पातळीला उतरवायचं आणि पुढचा दरवाजा उघडून नावेला मार्गी लावायचं. हे काम कोणत्याही नावाने करता येतं.

आडनाव बोचायला लागलं ते या वसंतात. त्याची मुलगी युनशी आणि वाळूच्या नावेवरच्या फांगांचा हायशंग यांनी आपसांत लग्न ठरवलं. मुलगी हायशंगच्या आईला, फांग वहिनींना, पसंत होती. पहिल्यांदा नावेवर जेवायला गेली तेव्हा तिने मासा उलटा केला नाही. वरची बाजू संपवली, काटा अलगद उचलला आणि मग खालची बाजू खाल्ली. ताटात मासा उलटला की नाव उलटते असं नाववाले मानतात, म्हणून बापाने शिकवूनच पाठवलं होतं. वहिनी दोन दिवस तेच कौतुक सांगत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की तिकडच्या रीतीप्रमाणे लग्नानंतरही पोरीचं आडनाव तेच राहणार.

"रोज तो शब्द नावेवर झोपणार, उठणार, भात खाणार," त्या बाओलिनला म्हणाल्या होत्या. "मला विचार करू दे. पुढच्या फेरीला सांगते."

युनशीने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. सासूच्या मनाविरुद्ध ती नावेवर पाय ठेवणार नव्हती.

आज ती फेरी होती. फांगांची नाव हौदात शिरताना बाओलिन बटणांच्या पेटीजवळ उभा होता. सकाळपासून घोकलेलं वाक्य त्याला आता आठवत नव्हतं. पुढचा दोर हायशंगने सांभाळला होता आणि तो मान वर करत नव्हता. मागचा दोर वहिनींकडे होता. त्यांनी भिंतीवरच्या खुंट्याला त्याचा वळसा देऊन टोक हातात धरलं.

"जेवलात का, पूर्वभाऊजी?"

"जेवलो," बाओलिन म्हणाला. जेवला नव्हता.

त्याने मागचा दरवाजा लावला, झडपा उघडल्या. 'दोर सैल सोडत राहा,' असं तो दर वेळी भोंग्यावरून ओरडायचा. आज त्याचं सगळं लक्ष वहिनींच्या तोंडाकडे होतं.

"मी रात्रंदिवस विचार केला," वहिनी म्हणाल्या आणि दोन्ही हात मोकळे करावेत म्हणून दोराला नावेवरच्या खांबावर पक्की गाठ मारून बसल्या. "मुलगी सोन्यासारखी आहे. पण तिचं आडनाव बदलता येईल का, कागदावर? आईचं लावता येतं म्हणे."

"तिची आई लू. चालेल का?"

"लू चालेल. लू छान आहे."

"पण पोरगी नाही म्हणते. बापाचं आहे ते ठेवणार म्हणते."

"बापावरच गेली आहे. बोलत नाही आणि ऐकतही नाही."

सुकाणूजवळून त्यांच्या नवऱ्याचा, फांगदादांचा आवाज आला, "मला कुणी विचारलं तर मी सांगेन."

"तुम्हाला कुणी विचारलेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

पाणी उतरत होतं, नाव खाली चालली होती. तेवढ्यात दोर करकरला. मागची बाजू भिंतीला टांगल्यासारखी अडकली आणि पुढची खाली जात राहिली. भाताची पातेली घरंगळत गेली. वहिनींनी गाठीवर झडप घातली, पण ताण एवढा होता की गाठ दगडासारखी झाली होती. नाव कलली.

"छेन!" वहिनी ओरडल्या. "छेन बाओलिन, पाणी थांबव!"

त्याचा हात आधीच लाल बटणावर होता. झडपा बंद झाल्या. मग त्याने वरच्या झडपा थोड्या उघडून पाणी आत घेतलं. नाव हळूहळू सपाट झाली, दोर ढिला पडला, आणि हायशंगने धावत येऊन गाठ सोडली.

 बाओलिन पेटी सोडून कठड्याशी आला.

"चूक माझी," तो म्हणाला. "मी ओरडायचं विसरलो."

"गाठ मी मारली होती." वहिनी पातेली गोळा करत होत्या. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

फांगदादा गंभीर चेहरा करून म्हणाले, "काय गं, घेतलंस की नाव. तेही भर हौदात, दोनदा, घसा फोडून."

वहिनींनी वाकून बाहेरचं पाणी पाहिलं, वाळूचा ढीग पाहिला. वाळू जागच्या जागी होती. मग त्या मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. डोळे पुसत हसत राहिल्या. हायशंगने आज पहिल्यांदा मान वर केली.

"म्हणजे ते आडनाव काही करत नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्यावर बसून बसून दमलं असेल," बाओलिन म्हणाला. आपण एवढं बोललो याचं त्याला नवल वाटलं.

या खेपेला तो भोंग्यावरून ओरडला आणि वहिनी हात दोरावर ठेवून बसल्या. पाणी तळाला गेलं, पुढचा दरवाजा उघडला. खालून त्यांनी मान वर करून हाक दिली, "पत्रिकेवर तिचं नाव पुरतं लिहा. कान नको गाळायला."

"आणि मला काय म्हणाल?"

"व्याही म्हणेन. आडनावाची कटकटच नको."

नाव हौदाबाहेर पडली. बाओलिन कठड्याला धरून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. मग त्याला एकदम कडकडून भूक लागली. वरच्या बाजूला थांबलेल्या कोळशाच्या नावेने भोंगा वाजवला.

"अहो पूर्वदादा, झोप लागली की काय?"

"आलो," तो म्हणाला आणि दरवाजा लावायला घेतला.