स्टेपनीसह चौतीस किलो

मी सायकल बोलतेय. आधीच सांगितलेलं बरं, कारण कालपर्यंत मला पाहून निम्म्या लोकांना ते कळत नव्हतं. पुढे उभ्या फटींची जाळी, जाळीच्या दोन बाजूंना गोल दिवे, मागे स्टेपनी, कुशीला जेरीकॅन. लोक माझ्याभोवती एक फेरी मारायचे, खाली वाकून चेन पाहायचे आणि मग म्हणायचे, "अरेच्चा, सायकल आहे की!" हे ऐकून ऐकून माझे कान किटले असते. कान नाहीत म्हणून वाचले.

माझी गोष्ट सुरू होते ती एका अपेक्षाभंगापासून. सहा वर्षं दूरदेशी शिकून ती मुलगी घरी परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, परसात बाबांची जुनी जीप उभी असेल. ताडपत्री ओढायची, बॅटरी बदलायची, चार वेळा खाकरून गाडी सुरू होईल. वसतिगृहात तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर त्या जीपचा फोटो होता. वस्तूंची रचना शिकायला गेलेली ही मुलगी, "चांगली वस्तू कशी असते?" असं कुणी विचारलं की त्या फोटोकडे बोट दाखवायची. आणि परसात सापडलं काय? इंजिन नाही, चाकं नाहीत, नुसता गंजका सांगाडा. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसलेली. तिनं मुलीकडे अशी नजर टाकली, जणू हीच घरात आगंतुक शिरली होती.

"इंजिन कुठंय?"

"विकलं," बाबा म्हणाले. "फोनवर सांगितलं नाही. म्हटलं, अभ्यास सोडून रडत बसशील."

बाबा पाणीखात्याचे निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं त्यांनी ती जीप कालव्याकाठच्या कच्च्या वाटेवर चालवली आणि खात्यानं मोडीत काढली तेव्हा घरी ओढून आणली. शेजारच्या सीटवर त्यांची धाकटी बहीण बसायची, म्हणजे मुलीची आत्या. आत्याचं काम वॉल्व्ह उघडण्याचं. पहाटे निघायचं, कालव्याकाठचे नऊ वॉल्व्ह एकामागून एक उघडत जायचं, की वरच्या वस्तीपर्यंत नळाला पाणी. जीप गेल्यापासून ती ही फेरी पायी करत होती. सात किलोमीटर.

आता खात्यात नवे साहेब आले होते. त्यांनी हुकूम काढला : पहिल्या तारखेपासून वरच्या वस्तीला सातच्या आत पाणी गेलंच पाहिजे. ज्याला जमणार नाही, त्यानं मीटरच्या खोलीत बसून आकडे लिहावेत. आत्याला शेवटच्या वॉल्व्हपाशी पोचायला साडेसात व्हायचे. मीटरच्या खोलीला खिडकीसुद्धा नाही.

"तिथं बसवलं मला तर महिन्याभरात भिंतीशी गप्पा मारायला लागेन," आत्या म्हणाली, आणि तिनं त्या हुकमाच्या कागदाची बारीक घडी केली.

मुलीनं तिथल्या तिथं ठरवलं. जीप नाही, तर जीपची सायकल करायची! लांब, जाड टायरची, रुंद हँडलची. ऐसपैस बसावं आणि खडीवरून राजासारखं जावं. "आत्याला नुसती सोय द्यायची नाही बाबा, मान द्यायचा! तिला वाटलं पाहिजे, आपण अजून त्याच जीपमधून चाललोय." बोलताना तिचे हात हवेत असे फिरायचे, की जवळच्यानं पाण्याचा पेला उचलून घ्यावा. मी तेव्हा वेल्डरच्या वर्कशॉपमध्ये पाइपांच्या ढिगात पडलेली होते. पण पाइपालाही थोडंफार कळतं. इतका उत्साह पाहून मला धडकीच भरली.

आणि एक नियम ठरला : आत्याला काही सांगायचं नाही. तिला एकदम चकित करायचं. माझ्या सगळ्या हालांचं मूळ हा नियम. वाईट हेतूनं कुणी काही केलं असतं, तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

वेल्डरला सगळे ठिणगी म्हणतात. कारण वेल्डिंगच्या ठिणग्या नव्हे, त्याचा स्वभाव. "हा पाइप बारीक पडेल," असं मुलगी म्हणाली, की तो गॉगल कपाळावर चढवून विचारायचा, "कॉलेजात पाइप शिकवतात का गं?" मग दोघांचं जुंपायचं. पण जीपचा विषय निघाला की तिघं एका सुरात. बाबा दोरा घेऊन परसात जायचे, त्या सांगाड्याच्या बॉनेटची गोलाई मोजून आणायचे. जाळीच्या दोन फटींमधलं अंतर तर त्यांनी तीनदा मोजलं. बॉनेट जितक्या तोऱ्यात उंच होतं, तितकीच माझी आडवी दांडी उंच बसवली. सगळं कसं हुबेहूब! आत्याच्या पायाचं माप मात्र कुणी घेतलं नाही. घेणार कसं? तिला सांगायचं नव्हतं ना!

दहाव्या दिवशी माझा सांगाडा जोडून झाला. चाकं बसली, चेन चढली, आणि मुलगी मला घेऊन वर्कशॉपच्या अंगणात निघाली. अहाहा! अंगावर एक स्क्रूसुद्धा जास्तीचा नव्हता. जाड टायरनी खडी अशी गिळली, की हँडलला थरथर म्हणून नाही. ती दहा मिनिटं मी सायकल होते. आयुष्यात तेवढीच.

"वा! तरंगतेय नुसती!" ती ओरडली. उतरली आणि लगेच म्हणाली, "आता जेरीकॅन लावूया."

माणसांच्या बोलण्यातला सर्वांत वजनदार शब्द कोणता, हे मला विचारा. 'फक्त'. जेरीकॅन फक्त दोन किलोचा. स्टेपनी म्हणजे फक्त एक चाक. जाळी फक्त पुढच्या बाजूला. बाबांनी पुढे ओढायचा हुक लावून घेतला. फक्त शोभेला! मला कोण ओढणार होतं आणि कशाला? बघायला येणारेही रिकाम्या हातांनी येत नसत. एक जण म्हणाला, लाल रंग द्या. दुसरा म्हणाला, हॉर्न जीपचाच हवा, आणि कुठून तरी तो घेऊनही आला. एकानं फोटो काढले आणि विचारलं, "पेट्रोल कुठं टाकायचं?" चढून बघू का, असं मात्र कुणीही विचारलं नाही. ठिणगीनं शेवटी मला धान्याच्या काट्यावर चढवलं. चौतीस किलो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

"जड नाही का होत?" मुलीनं विचारलं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, शहाणपण आलं.

"जड म्हणजे भक्कम," बाबा म्हणाले.

"भक्कमच," ठिणगी म्हणाला.

आणि तिनं मान डोलावली. इतकी शिकलेली मुलगी!

पहिली तारीख चार दिवसांवर आली, तेव्हा पहाटे मला फडक्यानं झाकून आत्याच्या दारात उभं केलं. बाबांनी फडकं ओढलं. आत्या बाहेर आली. बुटकी, काटक, हातात वॉल्व्ह फिरवायचा लोखंडी टी, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा दांडा. तिनं माझ्या जाळीवरून हात फिरवला, दिव्यांकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. भावाचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"छान झालीय रे दादा," ती म्हणाली.

मग तिनं माझ्यावर बसायचा प्रयत्न केला. दांडीवरून पाय पलीकडे जाईना. ठिणगीनं स्टूल आणलं. स्टुलावरून ती चढली, तर पाय जमिनीला टेकेनात. "एकदा सुटलं की टेकायची गरजच नाही!" बाबांनी धीर दिला. त्यांनी मागून ढकललं, आणि आम्ही निघालो. मुलगी शेजारून पळत होती.

सरळ वाटेवर मी खरंच चांगली चालले, खोटं का बोलू? आत्या हसलीसुद्धा. पण पहिला वॉल्व्ह आला. आत्या उतरली म्हणण्यापेक्षा माझ्यावरून ओघळली. टी घालून वॉल्व्ह उघडला आणि परत चढायला स्टूल शोधू लागली. स्टूल कुठलं तिथं! एक दगड मिळाला, त्यावर उभं राहून चढली. दुसऱ्या वॉल्व्हपाशी दगडही नव्हता. मुलीनं गुडघा टेकून पायरी केली. नऊ वॉल्व्ह म्हणजे नऊदा उतरायचं आणि नऊदा चढायचं. ही फेरी चालवण्याची नव्हतीच मुळी, चढण्या-उतरण्याची होती. हे कुणाच्या डोक्यात का आलं नाही, ते मला त्या दिवशी कळलं. बाबा तीस वर्षं या वाटेवर होते, पण ते कधी जीपमधून उतरलेच नव्हते. इंजिन चालू ठेवून ते आत बसायचे. उतरायची ती आत्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वॉल्व्हच्या मध्ये अडसर आला. गाड्यांनी कालव्याकडे जाऊ नये म्हणून खात्यानं आडवा लोखंडी पाइप टाकलाय, मांडीइतका उंच. असे तीन आहेत. जीप गेल्यानंतर ते बसवले, म्हणून बाबांना ठाऊक नव्हते. सायकल उचलून पलीकडे ठेवायची, एवढंच. एवढंच! आत्यानं पुढून धरलं, मुलीनं मागून. स्टेपनीनं मला मागे खेचलं, हुक पाइपात अडकला, आणि मी आत्याच्या अंगावर कोसळले. तिचं कोपर सोलून निघालं.

लाजेनं मला तिथंच गंजून जावंसं वाटलं. आत्या उठली, धूळ झटकली, टी उचलला. "हिला घेऊन तू घरी जा," ती भाचीला म्हणाली, "मला उशीर होतोय." आणि भराभरा चालत गेली. त्या दिवशी वरच्या वस्तीला आठ वाजता पाणी आलं. म्हणजे माझ्यामुळे अर्धा तास आणखी उशीर!

संध्याकाळी बाबांच्या ओट्यावर सभा भरली. मी भिंतीला टेकून उभी होते, आरोपीसारखी.

"तिला सवय नाही, बाकी काही नाही," बाबा म्हणाले.

"हुक उलटा बसवू," ठिणगी म्हणाला.

"हुक काढून टाका हो!" मुलगी तडकली. "चूक माझी आहे. मी आत्याला विचारायला हवं होतं."

कोपराला पट्टी बांधलेली आत्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. "विचारायचं काय त्यात? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमचं ग्राइंडर साऱ्या गल्लीला ऐकू येतं."

"मग बोलली का नाहीस?" मुलगी ओरडलीच. "दांडी उंच होतेय, एवढं तरी सांगायचंस!"

आत्यानं आणखी एक शेंग फोडली. बाबा पाणी प्यायला आत गेले, तेव्हा हळूच म्हणाली, "जीप गेल्यापासून दादा घराबाहेर पडला नव्हता गं. रोज सकाळी दाढी करून तुमच्या त्या वर्कशॉपात जायला लागला. मी मध्ये तोंड घालून काय करू? म्हटलं, होईल ते होईल."

आता सांगा, कपाळ बडवून घ्यायला मला कपाळ तरी आहे का? भाऊ बहिणीसाठी गुपित ठेवतो, बहीण भावासाठी गप्प बसते, भाची दोघांसाठी झटते. सगळ्यांची एकमेकांवर एवढी माया, आणि तिचं सगळं वजन माझ्या दोन चाकांवर! जरा कमी माया केली असती, तर एक नीट सायकल झाली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी पाना घेऊन ओट्यावर आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण हात ठाम होते. तिनं स्टेपनी उतरवली. जेरीकॅन काढला. हुक, हॉर्न काढले. आवाजानं बाबा बाहेर आले आणि दारातच थांबले. ती जाळीचे नट सैल करायला लागली, तेव्हा त्यांना राहवेना.

"जाळी तरी राहू दे पोरी. जाळीशिवाय ती जीप कशी दिसणार?"

"नाही दिसणार, बाबा." तिनं जाळी काढून त्यांच्या हातात दिली. "ही तुमच्या खोलीत लावा. मला पण ती आवडते. पण आत्याला ती उचलावी लागते."

बाबा जाळी छातीशी धरून उभे राहिले. "आता काय करणार? तीन दिवस राहिलेत."

"आज काही करणार नाही. आज हत्याराला हात लावायचा नाही. मी आत्याबरोबर पूर्ण फेरी चालणार आहे. ती कुठं थांबते, कशी वाकते, काय उचलते, सगळं बघणार. उद्या कापाकापी." तिनं पाना खाली ठेवला. "आणि तुम्ही पण येताय."

"मी? पायी?"

"पायी."

"माझे गुडघे..."

"आत्याचे बघितलेत?"

बाबांनी जाळी हलकेच ओट्यावर ठेवली आणि चपला शोधू लागले. गल्लीच्या तोंडाशी आत्या टी खांद्यावर टाकून निघालीच होती. "अगं, थांब जरा!" त्यांनी हाक मारली. आत्यानं वळून भावाच्या पायांतल्या चपला पाहिल्या आणि खरंच थांबली.

गेले तिघं. मी भिंतीला टेकून आहे. अंगावर नटांची नुसती भोकं राहिली आहेत, आणि कित्येक दिवसांनी मला हलकं वाटतंय. एवढीच विनंती आहे : उद्या करवत आणाल तेव्हा ही उंच दांडी आधी कापा. अर्ध्यावर दया दाखवून थांबू नका. आत्याचा पाय सहज पलीकडे पडेल इतकी खाली आणा. आणि मध्येच कुणी "फक्त" म्हणालं, तर त्याला आधी मला उचलून त्या अडसरापलीकडे ठेवायला सांगा.