काकूंची मापाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. पोटावर मापाच्या रेघा आणि काठाचा एक टवका उडालेला. जन्मले भट्टीत, पण आयुष्य गेलं तेलविहिरीजवळच्या प्रयोगशाळेत, काकूंच्या हातात.

विहिरीतून नुसतं तेल येत नाही. त्यात पाणी इतकं बेमालूम मिसळलेलं असतं की वेगळं करताना नाकी नऊ येतात. काकू ते दाट, तपकिरी तेल माझ्यात भरत, तेल-पाणी वेगळं करणाऱ्या औषधाचे मोजून दोन थेंब टाकत, शंभर वेळा हलवत आणि मला गरम पाण्याच्या टाकीत उभं करत. मग मला गुंगी यायची. त्या गुंगीत पाण्याचे इवले कण एकमेकांना शोधत, भेटत, मोठे होत आणि अलगद माझ्या तळाशी येऊन बसत. वर तेल, खाली नितळ पाणी. किती सुखाची झोप होती ती!

काकूंची सून प्रयोगशाळेत मदतीला लागली, त्या आठवड्यात मात्र पाणी खाली येईना. काकूंनी औषधं बदलली, थेंब वाढवले. मी आणि माझ्या पाच बहिणी दिवसभर टाकीत ताटकळलो. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "काकू, आता तुमची नजर साथ देत नाही. उद्यापर्यंत जमलं नाही, तर काम दुसऱ्याकडे देतो." तीस वर्षांचं काम! मला फार वाईट वाटलं, कारण दोष माझ्याच पोटात होता आणि सांगता येत नव्हता.

सकाळी काकूंनी मला सहज नाकाशी धरलं आणि त्या थबकल्या.

"या बाटल्या कशानं धुतेस गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"साबणानं, आई. तुमच्या बाटल्या कशा लखलखीत दिसायला हव्यात!"

साबण! तेलापाण्याला एकमेकांत धरून ठेवणारा. खरं सांगते, त्या लकाकीवर मीही भाळले होते.

काकूंनी आम्हाला कढत पाण्यानं सात वेळा विसळलं. पुन्हा दोन थेंब, पुन्हा शंभर हेलकावे. दुपारपर्यंत माझ्या तळाशी स्वच्छ पाणी उभं राहिलं. साहेब वाकून बघत म्हणाले, "मग चुकत काय होतं?"

सुनेचा चेहरा उतरला.

"बाटल्या विसळायला शिकवायचं राहिलं माझ्याकडून," काकू म्हणाल्या.

"तीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात, काकू."

"हो ना. पहिल्यांदाच."

आता मी फडताळात असते. मित्रांनो, आम्हाला घासा, पण विसळायचा कंटाळा करू नका. आणि कुणी मायेपोटी चुकलं, तर त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघा आणि काकूंसारखं चटकन बोला.